जातिस्मर वाचक

एकच पात्र अनेक कथांमधून पुन्हा पुन्हा भेटावे असे वाचकाला का वाटते, या प्रश्नाची बोळवण साहित्यसमीक्षेने बहुधा सवय आणि करमणूक या दोन कारणांवर केली आहे. ओळखीचे माणूस भेटले की बरे वाटते, नवे पात्र समजून घेण्याचे कष्ट वाचतात, प्रकाशकालाही पुढच्या पुस्तकाच्या खपाची चिंता उरत नाही, एवढे सांगितले की विषय संपतो. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण परिचयातून जितक्या वेळा आनंद होतो तितक्याच वेळा कंटाळाही येतो, आणि कोणता परिचय हवासा वाटेल याचा उलगडा त्यातून होत नाही. पुन्हा भेटलेल्या पात्राविषयी वाचकाच्या मनात जे ज्ञान उमटते त्याचा आकार 'तोच हा' असा असतो. भारतीय दर्शनांत या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात: पूर्वी अनुभवलेली वस्तू आज समोर आली असता स्मरण आणि प्रत्यक्ष यांच्या मेळातून होणारी ओळख. अशा ओळखीने नेमके काय सिद्ध होते यावर नैयायिक, मीमांसक आणि बौद्ध यांच्यात अनेक शतके वाद चालला, आणि कथामालिकांचे आकर्षण त्या वादाच्या उजेडात पाहिले तर ते करमणुकीच्या प्रश्नापेक्षा आत्म्याच्या प्रश्नाला अधिक जवळचे असल्याचे दिसते.

पाली परंपरेतील जातककथा हा या बाबतीतला अतिशय जुना आणि अतिशय अडचणीचा दाखला आहे. जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीची कथा. अशा ५४७ कथांचा संग्रह पाली जातकट्ठकथेत असून दुर्गा भागवतांच्या 'सिद्धार्थ जातक'मुळे तो मराठी वाचकालाही उपलब्ध झाला आहे. या कथांना जोडणारा नायक एकच, बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवर असलेला जीव. तो कधी माकड, कधी हत्ती, कधी व्यापारी, कधी राजा, तर कधी वृक्षदेवता होऊन येतो. त्याच्या भोवतीची मंडळीही बहुतांशी ठरलेली आहे: आनंद, सारिपुत्त, मोग्गल्लान, राहुल, राहुलमाता आणि प्रतिपक्षाला देवदत्त. प्रत्येक कथेचा साचा पाच अंगांचा असतो. बुद्धाच्या हयातीतील एखादा प्रसंग ही वर्तमानकथा, त्यावरून निघालेली अतीतकथा, तिच्यातील गाथा, गाथांचे शब्दार्थ उकलणारे 'वेय्याकरण', आणि शेवटी 'समोधान', म्हणजे त्या वेळचा कोण तो आज कोण आहे याची जुळणी. शेवटच्या वेस्सन्तर जातकात स्वतःची मुलेही दान करणारा राजपुत्र हा बोधिसत्त्व, त्याची पत्नी मद्दी ही राहुलमाता, मुलगा जाली हा राहुल, आणि ती मुले मागून नेणारा जूजक ब्राह्मण हा देवदत्त, असे समोधान येते. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. तिथे एकाच भिंतीवर तोच राजपुत्र निरनिराळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा काढलेला असल्यामुळे पाहणाऱ्याला 'तोच हा' असे मनाशी म्हणतच पुढे सरकावे लागते.

मालिका एखाद्या साध्या कथेला काय देते हे पाहायचे तर क्रमांक ३चे सेरिवाणिज जातक पुरेसे आहे. विपन्नावस्थेत आलेल्या एका घरातील आजी आणि नात एक मळकट ताट विकायला काढतात. पहिला फेरीवाला ते सोन्याचे असल्याचे ओळखूनही, फुकटात पदरात पडावे म्हणून, कवडीमोलाचे ठरवून टाकून जातो. दुसरा त्याची किंमत लाखाची असल्याचे सांगतो, जवळचे सगळे पैसे आणि सगळा माल त्यांना देतो, नावेच्या उताराईपुरते तेवढे स्वतःजवळ ठेवतो. आणि परत फिरलेला पहिला फेरीवाला नदीकाठी संतापाने ऊर फुटून मरतो. देवदत्ताने बोधिसत्त्वाशी वैर धरले ते इथून, असे अट्ठकथा सांगते. सुटी वाचली तर ही लोभाची एक बोधकथा आहे, पण मालिकेत ती पुढे अनेक कथांमधून वाहत जाणाऱ्या वैराचा उगम होते. मुरलेला श्रोता समोधान येण्याआधीच यातला देवदत्त कोण ते हेरतो, आणि त्याचा अंदाज खरा ठरल्यावर त्याला होणारा आनंद घटनेचा नसून ओळखीचा असतो. शिवाय जातकांची मांडणी काळाच्या क्रमाने केलेली नाही. ज्या कथेत गाथा कमी ती आधी, ज्या कथेत जास्त ती नंतर, असा तो क्रम आहे. कोणता जन्म आधीचा आणि कोणता नंतरचा हे त्यावरून कळत नाही, आणि तरीही श्रोत्याचे काही अडत नाही. पात्राचा विकास पाहायला मिळतो म्हणून मालिका आवडते, हे आधुनिक समीक्षेचे लाडके उत्तर निदान इथे तरी लागू पडत नाही.

अडचण अशी की ही एवढी मोठी मालिका अनात्मवाद्यांची आहे. देहापलीकडे, जन्मामागून जन्म तसाच टिकून राहणारा आत्मा नावाचा पदार्थ नाही, असे सांगणाऱ्या परंपरेने एकाच व्यक्तीच्या शेकडो जन्मांच्या कथा सांगाव्यात, ही विसंगती प्राचीनांच्या ध्यानात आली नसेल असे मानण्याचे कारण नाही. 'मिलिन्दपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक वंशाचा मिनँडर, याच धाटणीचा प्रश्न भिक्षू नागसेनाला विचारतो, आणि रात्रीच्या तिन्ही प्रहरांत जळणाऱ्या दिव्याची ज्योत एकच असते की वेगवेगळी असते, असा उलट प्रश्न करून नागसेन पुनर्जन्म घेणारा ना तोच असतो ना दुसरा, या उत्तरापाशी राजाला आणतो. पुढच्या काळातील बौद्ध नैयायिकांनी हा मुद्दा प्रत्यभिज्ञेवर नेमका रोखला. कापलेले केस आणि नखे पुन्हा वाढतात तेव्हा लोक 'तेच केस' म्हणतात, पण ते तेच नसतात. सारखेपणामुळे एकपणाचा भास होतो, आणि म्हणून 'तोच हा' या ज्ञानावरून वस्तू टिकून आहे असे सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माणूस म्हणजे क्षणांची कारणपरंपरा, तिला त्यांनी 'सन्तान' म्हटले. पूर्वीचा क्षण नंतरच्याला जन्म देतो, एवढाच काय तो दोहोंतील धागा.

हे मान्य केले तर माकडाला आणि सिद्धार्थाला 'तोच' ठरवणारी जागा कथेत कुठे आहे, हे शोधावे लागते, आणि ती समोधानात सापडते. इथे ग्रंथाची घडणच बोलकी आहे. जातकांतील धर्मवचनाचा दर्जा परंपरेने गाथांना दिला. गद्यकथा आणि समोधान हा अट्ठकथेचा, म्हणजे टीकेचा, भाग असून त्याला आजचे रूप श्रीलंकेत इ. स.च्या ५व्या शतकाच्या सुमारास आले असे मानतात. याचा अर्थ 'तोच हा' ही गोष्ट कथेच्या पोटात नव्हे, तर ती जोडून सांगणाऱ्याच्या मुखी आहे. माकडाला आपण पुढे बुद्ध होणार हे ठाऊक नसते, फेरीवाल्याला आपण देवदत्त आहोत याचा पत्ता नसतो. ठाऊक असते ते फक्त सांगणाऱ्याला, कारण तो जातिस्मर आहे, म्हणजे पूर्वजन्म आठवणारा आहे. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात, दर्शन सर्वस्वी निराळे असूनही, श्रोता आणि वक्ता यांच्यातील अंतर याच ठिकाणी दाखवलेले आहे: दोघांचेही पुष्कळ जन्म होऊन गेले, पण कृष्णाला ते माहीत आहेत आणि अर्जुनाला नाहीत.

आधुनिक कथामालिका वाचकाला नेमकी ही जागा देते. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजे फास्टर फेणेला, प्रत्येक पुस्तकात संकट नव्यानेच भेटते. तो शाळकरीच राहतो, आणि मागच्या इतक्या साहसांचे ओझे त्याच्या सायकलवर कुठे दिसत नाही. ओझे नसले तरी हिशेब असतो, आणि तो वाचकाजवळ असतो. पुष्कळदा तर लेखकही विसरतो. आर्थर कॉनन डॉईलने शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसनला युद्धातली गोळी खांद्यात लागल्याचे सांगितले आणि दुसरीत ती पायात नेली. जॉन वॉटसनला एका कथेत त्याची बायको जेम्स म्हणून हाक मारते. ही स्मृतिभ्रंशाची उदाहरणे डॉईलला कधी बोचली असतील असे वाटत नाही, पण वाचकांना ती बोचली. १९११मध्ये पुढे कॅथलिक धर्मगुरू झालेल्या रोनल्ड नॉक्स यांनी बायबलच्या चिकित्सक अभ्यासाची पद्धत गंभीर चेहऱ्याने होम्सकथांना लावून एक निबंध सादर केला, आणि विसंगती जुळवण्याचा हा उद्योग होम्सप्रेमींमध्ये आजतागायत चालू आहे. हे समोधानच आहे, फक्त ते करणारा आता बुद्ध नसून वाचक आहे. पात्र विसरते, लेखक विसरतो, वाचक आठवतो. मालिकेचे आकर्षण या विषम वाटणीत आहे, असे म्हणायला जागा आहे.

पण जातिस्मराची जागा सुखाची का असावी? योगपरंपरेचे मत तर उलट आहे. पतंजलीच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात, संस्कारांचा, म्हणजे पूर्वानुभवांनी चित्तावर उमटलेल्या ठशांचा, साक्षात्कार झाला की पूर्वजन्मांचे ज्ञान होते, असे सूत्र आहे, आणि त्यावरील व्यासभाष्यात जैगीषव्य आणि आवट्य यांचा संवाद येतो. दहा महासर्गांतील, म्हणजे सृष्टीच्या दहा महाचक्रांतील, आपली जन्मपरंपरा पाहिलेल्या जैगीषव्याला आवट्य विचारतो की देव, माणसे आणि पशू यांच्या योनींत इतके फिरल्यावर सुख अधिक आढळले की दुःख. आणि जैगीषव्य म्हणतो की जे जे भोगले ते सगळे आपण दुःखातच जमा धरतो. ज्याला सगळे आठवते त्याला सगळे नकोसे होते, असा हा निर्वाळा आहे. वाचकाला मात्र आणखी हवे असते. हा फरक स्मरणाच्या लांबीमुळे पडलेला नाही, तर मालकीमुळे पडलेला आहे. जैगीषव्याला आठवलेले जन्म त्याचे स्वतःचे होते, त्यांतील कर्मांची फळे त्यानेच भोगली होती. वाचकाला आठवणारे जन्म कोणा तिसऱ्याचे असतात. रसचर्चेत भट्टनायकाने मांडलेले आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने स्वीकारलेले साधारणीकरण, म्हणजे भावनेचे 'माझी', 'त्याची' हे पाश सुटून ती सर्वसामान्य रूपात अनुभवाला येणे, इथे कामाला येते. मात्र त्या आचार्यांपुढे एकेक नाटक किंवा काव्य होते. मालिकेत साधारणीकरणाच्या जोडीला स्मृतीही साचत जाते, आणि जातिस्मराची स्मृती मिळूनही त्याचे भोग टळतात, ही सोय दुसऱ्या साहित्यप्रकाराला सहसा साधत नाही. या सोयीला आसक्ती म्हणावे की वैराग्याची रंगीत तालीम, यावर कोणी कोणत्याही बाजूने बोलू शकेल. योगभाष्यकाराने पहिल्या बाजूने कौल दिला असता, यात शंका नाही.

ही सोय सर्वच मालिका देतात असेही नाही. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या आयुष्यात संसार वाढतो, मुले येतात, आणि विनोदाच्या आडून का होईना काळ सरत राहतो. भालचंद्र नेमाड्यांच्या १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील प्राध्यापकीसाठी गावे बदलतो, पण मागचे गाव सुटत नाही. 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत त्याच्यावर थरांवर थर चढत जातात, आणि इथे वाचकाला जैगीषव्याच्या उत्तराची थोडी चव मिळते. या दोन टोकांच्या मध्ये शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा सत्यान्वेषी ब्योमकेश बक्षी आहे. १९३२मध्ये सुरू झालेली ती बंगाली मालिका लेखक मुंबईत चित्रपटकथा लिहीत असताना दीर्घकाळ थांबली, १९५०च्या दशकात पुन्हा सुरू झाली, आणि १९७०मध्ये लेखकाच्या मृत्यूने एक कथा अर्धी राहून संपली. दरम्यान ब्योमकेशचे लग्न होते, मूल होते, वय वाढते. पुढे पुण्यात स्थायिक झालेल्या या लेखकाच्या आरंभीच्या कथासंग्रहाचे नावच 'जातिस्मर' आहे, आणि त्यातील निवेदक आपले पूर्वजन्म आठवणारा एक साधा कारकून आहे. एकाच लेखणीने एकाच सुमारास पुन्हा पुन्हा भेटणारे पात्र आणि पुन्हा पुन्हा जन्मणारा जीव हे दोन्ही विषय हाताळावेत, यात निव्वळ योगायोग पाहायचा की काही अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लेखकाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आत्म्याचा राहत नाही, ईश्वराचा होतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक आक्षेप येतो की जगात कोणी सुखी, कोणी दुःखी असल्यामुळे ते निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. उत्तर असे की ईश्वर सापेक्ष आहे, तो जीवांच्या पूर्वकर्मांना अनुसरून सृष्टी करतो. शंकराचार्य त्याची तुलना पावसाशी करतात, जो सर्व पिकांना सारखाच, पण भात आणि जव यांतील भेद बियांमुळे. मालिका लिहिणाऱ्याची स्थिती दुसऱ्या पुस्तकापासून हुबेहूब अशी होते: पहिल्या पुस्तकात दिलेले गुण हे पात्राचे प्रारब्ध, म्हणजे फळ द्यायला लागलेले कर्म, होऊन बसते, आणि निर्मात्याला त्याच्या मर्जीने चालावे लागते. हे बंधन जाचक असले तरी लेखनाचे निम्मे सुख त्यातच आहे. काहीही लिहिता येण्यापेक्षा 'हा इथे काय करील' या मर्यादेत लिहिणे अनेकांना अधिक मोकळे वाटते. वेदान्त्यांना मात्र एक सवलत होती जी लेखकाला नाही. पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आले, या पुढच्या आक्षेपावर संसार अनादि आहे, पहिली सृष्टी अशी नाहीच, असे ते म्हणू शकले. मालिकेला पहिले पुस्तक असते, आणि त्याची जबाबदारी टाळता येत नाही. अगाथा ख्रिस्तीने १९२०मध्ये हर्क्यूल प्वारोला निवृत्त पोलीस अधिकारी म्हणून आणले, आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे तो जगत राहिल्यामुळे त्याच्या वयाचा हिशेब बसेना. आरंभीच त्याला इतका वयस्कर केल्याची खंत तिने पुढे बोलून दाखवली. डॉईलने १८९३मध्ये होम्सला धबधब्यात लोटून सुटका करून घेतली खरी, पण १९०३मध्ये त्याला तो जिवंत असल्याचे सांगावे लागले. सापेक्ष ईश्वराला संहाराचेही पूर्ण स्वातंत्र्य नसते.

होम्सच्या त्या पुनरागमनाच्या कथेत ओळखीचा प्रसंग आहे, आणि नैयायिकाची बाजू तिथून मांडता येते. वॉटसनसमोर म्हाताऱ्या पुस्तकविक्रेत्याच्या वेषात होम्स उभा असतो, बोलतो, तरी वॉटसनला तो ओळखू येत नाही. वेष उतरतो तेव्हा त्याला भोवळ येते. १०व्या शतकातील काश्मिरी शैव दार्शनिक उत्पलदेव यांच्या 'ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिके'च्या शेवटी असाच दृष्टान्त आहे: केवळ गुणवर्णन ऐकून एखाद्यावर अनुरक्त झालेली स्त्री, तो प्रत्यक्ष समोर उभा असताही, हाच तो हे न कळल्यामुळे आनंदाला मुकते. उत्पलदेवांना त्यातून आत्मा हाच महेश्वर असल्याची ओळख सुचवायची होती. पण त्याच ग्रंथात स्मृतीविषयी त्यांनी केलेला युक्तिवाद इथे अधिक उपयोगी आहे. कालचा अनुभव आणि आजचा अनुभव हे दोन ज्ञानक्षण एकमेकांना पाहू शकत नाहीत; त्यांना एकत्र आणणारा एक ज्ञाता नसेल तर ओळख घडणारच नाही. न्यायभाष्यकार वात्स्यायन हाच मुद्दा 'प्रतिसंधान', म्हणजे पूर्वीच्या आणि आताच्या अनुभवाची एका ज्ञात्याने केलेली सांधणी, या नावाने मांडतो. म्हणजे फास्टर फेणे केस-नखांच्या जातीचा असला, दर पुस्तकात नव्याने उगवत असला, तरी 'तोच हा' म्हणणारा वाचक एक असला पाहिजे. मालिकेतून पात्राचे नित्यत्व सिद्ध होत नसेल, वाचकाचे होते.

बौद्धाला हे पटणार नाही. दहाव्या वर्षी फास्टर फेणे वाचणारा आणि पन्नासाव्या वर्षी तोच संच पुन्हा उघडणारा हे दोघे एक आहेत हे कोणी सांगितले, असे तो विचारील. त्यांच्यातील नातेही सन्तानाचेच आहे, आणि त्या दोघांना जोडून घेणारी 'मी' ही जाणीव हे आणखी एक समोधान आहे. या उत्तराचे बळ मूळ लेखकानंतर दुसऱ्या हातांनी चालवलेल्या मालिकांत कसाला लागते. ख्रिस्तीच्या वारसांच्या परवानगीने २०१४पासून सोफी हॅना यांनी प्वारोच्या नव्या कादंबऱ्या लिहिल्या. मिशा त्याच, टापटीप तीच, आणि तरी काही वाचक 'हा तो नव्हे' म्हणतात. सारखेपणा पुरेसा असता तर हे घडले नसते. म्हणजे सारखेपणाने भास होतो हे म्हणणे सोडून बौद्धाला कारणपरंपरेच्या आधारावर यावे लागते: या पात्राचा क्षण त्या लेखिकेच्या क्षणातून निघालेला नाही, म्हणून सन्तान तुटले. होम्सप्रेमीही डॉईलच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथांनाच प्रमाण मानतात, नंतरच्या कोणाच्याही कितीही हुबेहूब लेखनाला नाही.

पण खुद्द बौद्ध जगाने हा दंडक पाळलेला दिसत नाही. थायलंड, लाओस, म्यानमार आणि कंबोडिया या भागांत 'पञ्ञास जातक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ५४७च्या बाहेरच्या कथा पुढच्या काळात रचल्या गेल्या, विहारांत लिहून ठेवल्या गेल्या आणि उपासकांना ऐकवल्या गेल्या. प्रमाणग्रंथात त्यांना स्थान नाही, आणि त्या मागाहूनच्या असल्याचे अभ्यासकांना सहज दिसते. पण त्यांचाही शेवट समोधानाने होतो, तोच बोधिसत्त्व, तोच देवदत्त, अशी जुळणी त्यांतही बुद्धाच्या मुखी घातलेली असते, आणि ती ऐकणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या कथा मूळ जातकांइतक्याच आपल्या मानल्या.